डहाणूचा लग्नचौक

शिक्रापूरहून बोलतोय आम्ही, बचत गटांतल्या तुमच्या मैत्रिणी. कुणी भाकरी थापत असाल, कुणी कांद्याच्या वाफ्यात बसून ऐकत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज इतिहास सांगायचाय. पण राजेरजवाड्यांचा नाही, भिंतीवरच्या एका चित्राचा.

चौक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पुण्या-नगरच्या रस्त्यावरचा चाकण चौक येतो, ते सोडा. पूजेला पाटावर तांदळाचा किंवा गव्हाचा चौक भरतो आपण, तो. आपला चौक चार बोटांत मावतो आणि पूजा झाली की सुपात जातो. डहाणूकडच्या वारली लोकांचा चौक मात्र घराच्या आतल्या भिंतीवर असतो, पुरुषभर उंचीचा, आणि तो काढल्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नसे. आज शहरातल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणावर जी पांढरी माणसं फेर धरून नाचताना दिसतात, ती सगळी या चौकातून बाहेर पडलेली.

आमच्या काही गटांना दिवाळीच्या पणत्यांवर आणि कापडी पिशव्यांवर हीच चित्रं काढून विकायची होती. मोबाइलवर बघून हात बसवण्यापेक्षा जिथलं आहे तिथे जाऊन शिकावं, असं ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं. म्हणून अभ्यास सहल डहाणूला नेली. चाकण, तळेगाव, खोपोली, मग भिवंडी, मनोर करत चारोटी नाक्याला पोचलो. तिथून आत वळलं की साग, मोह, ताडाची झाडं आणि विखुरलेले पाडे. ज्या पाड्यावर आम्ही दोन दिवस होतो तिथल्या ताईंनीच सांगितलं, आमची नावं रेडिओवर घेऊ नका. म्हणून नुसतं ताई म्हणतो.

पहिल्या दिवशी रंगाला हात लावायला मिळालाच नाही. सकाळभर भिंत सारवली. कारवीच्या काड्यांची कुडाची भिंत, तिला शेणामातीचा हात, तो वाळला की वर गेरूचा. सारवण तर आपल्याही हातचं, त्यामुळे तिथे आम्ही भाव खाल्ला. ताई म्हणाल्या, तुमच्या पुण्याकडच्या बाया आल्या की नुसते फोटो काढतात, तुम्ही कामाच्या निघालात.

दुसऱ्या दिवशी कुंचला. बांबूची काडी घ्यायची आणि तिचं टोक दातांनी चावत बसायचं, तंतू सुटे होईपर्यंत. आमच्यातल्या ज्यांना दात कमी त्यांनी दगडानं ठेचलं. रंग म्हणजे तांदळाचं पीठ, पाण्यात कालवलेलं. धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ, पण ताकाइतकं नाही. जास्त पातळ झालं की ओघळतं, घट्ट झालं की वाळल्यावर सुटून पडतं. रंग एकच, पांढरा, आणि तोही धान्याचा. तांदूळ म्हणजे त्यांची कणसरी, धान्यदेवता. म्हणून उरलेला रंग कुणी फेकला नाही, कोंबड्यांना घातला.

मग त्रिकोण. एक त्रिकोण उभा, त्याच्यावर दुसरा उलटा ठेवायचा, टोकाला टोक. ते टोक म्हणजे कंबर. एवढ्याशा टिंबावर सगळा माणूस तोललेला असतो. वरचा त्रिकोण जरा कलता केला की माणूस नाचायला लागतो, पुढे झुकवला की भात लावायला लागतो. दिसायला सोपं आहे हो. पण आमची माणसं दिवसभर लंगडीच राहिली. संध्याकाळी तारपा वाजला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. त्याच्याभोवती बाया-पुरुष हात गुंफून गोल फिरतात, आणि कुणी वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाही. चित्रातला तो शंखासारखा फेर कुठून आला हे तेव्हा कळलं.

आता चौकाचं सांगतो. लग्नाच्या आधी सवाशिणी जमतात आणि चौक काढतात. मधोमध पालघट देवी, वाढीची, सुगीची देवी. तिच्याभोवती चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या. बाहेर सूर्य, चंद्र, झाडं. शेजारी छोट्या चौकात पंचशिऱ्या देव. आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. ती गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. हे ऐकून आमच्यातल्या कित्येकींनी परत परत विचारलं, खरंच बाई लावते? लावते. लग्नाचं चित्र बायांचं, गाणं बायांचं, विधी बायांचा. चौक काढायला तिथेही सवाशीणच लागते, हे मात्र आम्हांला जरा टोचलं. हळदी-कुंकवाच्या दिवशी दाराआड राहणाऱ्या आपल्या बहिणी आठवल्या.

अशा या लग्नाला दुसरीही एक बाजू होती. ती चित्रात दिसत नाही, म्हणून सांगायला हवी. आपल्या कुठल्याही गटाची कर्जवही उघडा. बियाणं, दवाखाना, शाळेची फी, आणि त्या खालोखाल "मुलीचे लग्न". डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हे कर्ज द्यायला गट नव्हता, सावकार-जमीनदार होता. त्यानं आधी जमिनी गिळल्या होत्या. जंगल इंग्रज सरकारनं 1878 च्या वनकायद्यानं राखीव करायला घेतलं होतं. लाकूडफाटा, डिंक, मोह, सगळ्यावर पहारा. जमीनही नाही, रानही नाही, अशा तरुणाला लग्नासाठी थोडेफार रुपये लागायचे. ते तो सावकाराकडून घ्यायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचा. अशा माणसाला तिकडे लग्नगडी म्हणायचे. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशोब सावकाराच्या वहीत आणि वही वाचणारा तोच. नवऱ्याबरोबर नवी नवरीही त्या वेठीला जायची, आणि सावकाराच्या वाड्यावर तिची अब्रू तिची राहायची नाही. ज्या भिंतीवर पालघट काढली त्याच घरातून ती दोघं लग्नानंतर गुलामीत जात. शब्द बघा कसा आहे, लग्नगडी. आपल्याकडे सालगडी म्हणतात, त्याचं निदान वर्ष तरी संपतं.

हे संपलं कसं, तर कुणी दया केली म्हणून नाही. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला शेतकऱ्यांची परिषद भरली, किसान सभेची. तिथे काही वारली गेले होते. लाल बावट्याखाली शेतकरी जमलेले त्यांनी पाहिले आणि आमच्याकडेही या म्हणाले. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर त्या भागात गेले. गोदावरीबाई आपल्या पुण्याच्या. वकिलीची परीक्षा पास झालेली, शहरात वाढलेली ही बाई पाड्यापाड्यांतून पायी फिरली, लोकांच्या झोपडीत राहिली, त्यांची नागलीची भाकर खाल्ली. 23 मे 1945 ला झरी गावात आदिवासींची पहिली मोठी परिषद झाली. ठराव साधे होते. फुकट राबायचं नाही. लग्नगडी म्हणून राहायचं नाही. जमीनदाराला मजुरी द्यावी लागेल. आणि माणसं उठून, मैलोन् मैल चालत जाऊन, वाड्यावाड्यांवरच्या लग्नगड्यांना सांगत सुटली की तुम्ही सुटलात, चला.

त्याच वर्षी पावसाळा संपताना गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी, अशी मागणी होती. मग 10 ऑक्टोबरला तलवाड्याला सभा आहे अशी आवई उठली. हजारो लोक जमले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. संप मोडला नाही. 1947 पर्यंत हा लढा चालला आणि वेठबिगार उखडली गेली. गोदावरीबाईंनी हे सगळं "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहून ठेवलंय. 1970 ला आलेल्या त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचनालयांतून ते मागा, नसेल तर आणायला लावा. मोठ्यानं वाचण्यासारखं आहे, आम्ही येताना गाडीत वाचत आलो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत आहे ना, ती याच गोदूताईंच्या नावाची.

इतकं सगळं झालं तरी भिंतीवरच्या चित्राची बाहेर कुणाला खबर नव्हती. ती लागली 1970 नंतर. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार होते. हस्तकला मंडळाच्या वतीनं, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, ते आधी बिहारात मधुबनीकडे गेले होते. तिथे 1966-67 चा दुष्काळ होता. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायांना त्यांनी कागद दिले, म्हणजे चित्र विकता येईल आणि चूल पेटेल. तेच काम घेऊन ते डहाणूला आले, गंजाडच्या बाजूला. इथेही बायांपुढे कागद ठेवले. बाया बुजल्या. चौक हा लग्नातला, देवाचा. तो लग्नाशिवाय काढायचा? तोही कागदावर? परक्या माणसासाठी?

तेव्हा पुढे आले जिव्या सोमा मशे, गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे. जन्म 1934 चा. लहानपणी आई गेली, त्या धक्क्यानं पोर कितीतरी वर्षं बोललंच नाही, धुळीत रेघा काढून सांगायचं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुरुष असून त्यांनी हातात काडी धरली. देवाच्या चौकाबाहेर येऊन रोजचं जगणं काढलं. मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, भाताची मळणी, तारप्याचा फेर. 1976 ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 ला पद्मश्री. परदेशांत प्रदर्शनं झाली. 2018 ला ते वारले. त्यांचं मोठेपण मोठंच आहे, त्यांच्यामुळे हे चित्र जगानं पाहिलं आणि पाड्यांवर पैसा आला.

पण एक गोष्ट आमच्या मनातून जाईना. मधुबनीत कागद बायांच्या हातात राहिला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी, तिघींना पद्मश्री मिळाली, जगदंबा देवींना तर 1975 लाच. माणूस तोच, कागदही तोच, पण डहाणूत नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. असं का? ताईंना विचारलं. एक ताई हसल्या. म्हणाल्या, मुंबईला चित्रं घेऊन जायला रात्री गाडीत कोण बसणार होतं? आम्ही भाताला, लाकडाला, पाण्याला. दुसरी म्हणाली, चौक आमचाच राहिला, कागद त्यांचा झाला. आम्हांला हे उत्तर पटलं. आपल्याकडे दूध बाई काढते आणि डेअरीच्या खात्यावर नाव कुणाचं असतं, हे काय तुम्हांला नव्यानं सांगायचं? आता बऱ्याच घरांत सुना-लेकी कागदावर, कापडावर काढतात, स्वतःच्या नावानं सही करतात. आम्हांला शिकवणाऱ्या ताई त्यांतल्याच.

असंच काहीसं फार लांब, ऑस्ट्रेलियात घडलंय. तिथल्या मूळ रहिवाशांच्याही जमिनी गोऱ्यांनी घेतल्या, त्यांना वस्त्यांत कोंबलं. 1971 ला पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन नावाच्या शाळामास्तरांनी रंग दिले आणि वाळूवर, अंगावर काढायच्या खुणा शाळेच्या भिंतीवर आल्या. तिथेही सुरुवातीला पुरुषच. पुढे बायाही आल्या, काही जणी गवत घेऊन. 1995 ला वाळवंटातल्या बायांच्या एका परिषदेनं रानगवताच्या टोपल्या विणण्याचं शिबिर घेतलं. त्यातून जान्पी नावाचा उद्योग उभा राहिला, मालकी बायांचीच. जान्पी म्हणजे वाळलेलं गवत. गवत गोळा करायला रानात जायचं, जाताना लेकी-नातींना न्यायचं, पाणी कुठे, कंद कुठे हे दाखवायचं, आणि येताना टोपलीचं सामान. या बायांनी 2005 ला गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली, खऱ्या गाडीएवढी, आणि तिला तिथला मूळ रहिवाशांच्या कलेचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला. तिकडेही आता पाहुण्यांना रानात नेऊन विणायला, कंद ओळखायला शिकवतात. पण त्याच देशात दुकानांतल्या "आदिवासी" भेटवस्तूंत निम्म्याहून जास्त माल नकली असतो, कारखान्यात छापलेला, असं 2022 ला तिथल्या सरकारी आयोगानंच सांगितलं.

आणि इथे आमचा पणत्यांचा प्रश्न येतो. वारली चित्रकलेला 2014 ला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरंदरच्या अंजिराला आहे, पैठणीला आहे, तसंच. त्यासाठी अर्ज कुणा व्यापाऱ्यानं केला नव्हता. डहाणूकडच्या आदिवासी तरुणांच्या संस्थेनं, आदिवासी युवा सेवा संघानं, तो केला होता. म्हणजे वारली हे नाव आता नुसतं नाव राहिलेलं नाही, त्याला धनी आहे. 2025 ला इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळ्यांनीच मोबाइलवर केवढा राग काढला होता.

परत आल्यावर बैठक तापली. काही जणी म्हणाल्या, आपण कुठे कंपनी आहोत? पाच-दहा पणत्यांनी त्यांचं काय जातं? शिकून आलोय, पैसे देऊन शिकलोय. दुसऱ्या म्हणाल्या, शिकलो म्हणून आपण वारली झालो का? त्यांच्यातल्या बाईला ही रेघ लग्नातून मिळाली, आपल्याला दोन दिवसांत. गिऱ्हाईक वारली म्हणून घेतं तेव्हा ते डहाणूच्या बाईला पैसे दिले असं समजतं, आणि येतात आपल्याकडे. याच्यावर दोन बैठका गेल्या. शेवटी मत घेतलं.

ठरलं ते असं. आपल्या मालावर वारली असं लिहायचं नाही आणि तसं सांगून विकायचं नाही. पणत्या, पिशव्या रंगवायच्याच, पण आपल्याकडचं काढायचं. जातं, उखळ, ऊसतोडीच्या गाड्या, वेळ नदीवरचं धुणं, भीमथडीची तट्टं. सारवलेल्या जमिनीवर आपल्या आज्या ज्या ठिपक्यांच्या रांगोळ्या काढायच्या त्याही. एका गटानं उमटवलेली पहिली तट्टं कुत्र्यांसारखी दिसतायत, पण सुधारतील. वारलीची मागणी आली तर डहाणूच्या ताईंकडून माल मागवायचा, त्यांनी सांगितलेल्या भावात, त्यांच्या सहीचा, आणि आपण दहा टक्के हाताळणी घ्यायची. पहिली चाळीस कापडी चित्रं आली आहेत. प्रत्येकीच्या मागे काढणारीचं नाव आहे.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही सांगतो. तीन जणी अजून म्हणतात की दहा टक्क्यांत गाडीभाडंही सुटत नाही, आणि हिशोब मांडला तर त्यांचं अगदीच खोटं नाही. माल एकत्र मागवला तर भाडं वाटून जाईल. म्हणून शिरूर-दौंडकडच्या ज्या गटांना या चित्रांत भागी घ्यायची आहे त्यांनी पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत नावं द्यावीत. भात कापून झाला की त्यांतल्या दोन ताई शिक्रापूरला येणार आहेत. आपली पुरणपोळी आणि कांद्याची अर्धलीनं शेती कशी चालते, हे बघायचंय म्हणाल्या. त्यांची राहायची सोय कुणाकडे होईल, तेही बैठकीत सांगा.